दोन इंच फोम

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मधु दंडवतेंबद्दल. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि 1971 पासून लागोपाठ पाच वेळा राजापूरचे खासदार. पाच वेळा बरं का, आणि तेही कोकणात, जिथं माणूस सख्ख्या भावाला मत देताना दोनदा विचार करतो.

गोव्याचा सत्याग्रह, आणीबाणीत हे बंगलोरच्या तुरुंगात, बायको प्रमिलाताई येरवड्यात, दोघांची पत्रं चालायची, हे तुम्हाला माहितीच आहे. 1977ला जनता सरकार आलं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. म्हणजे गंमत बघा, ज्याच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळ नाही तो रेल्वेमंत्री!

1974च्या संपात काढलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं, नुसत्या सेकंड क्लासची गीतांजली एक्सप्रेस सुरू केली आणि सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम टाकला. दोन इंच फोम. लक्षात ठेवा, दोनच इंच. फर्स्ट क्लास खाली आणायचा नाहीये, सेकंड क्लास वर न्यायचाय असं म्हणायचे ते.

आता फोमवरून आमच्या आजीची गोष्ट सांगतो. आमचं गाव राजापूर तालुक्यातलं, आत्या नागपूरला, तिला मुलगा झाला म्हणून आजी निघाली आणि सोबत मी, असेन दहा वर्षांचा. गावाहून मुंबईपर्यंत येष्टी, तिथनं रात्रीची गाडी. आजीकडे एक पत्र्याची ट्रंक, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि ही एवढी जाड गोधडी, कारण आधीच्या खेपेला लाकडी बाकावर तिची कंबर धरली होती ती महिनाभर. (तेव्हा लाडू घरी व्हायचे हो, आता बाळंतिणीचे लाडूसुद्धा पार्सल येतात, असो.)

डब्यात चढलो, आमचे नंबर शोधले, आजी टेकली आणि ताडकन उठली. बर्थ अंगठ्यानं दाबून बघितला, पुरणपोळीची कणीक मुरली का बघतात ना, तसा. परत दाबला. मग माझ्या कानात म्हणते, "अरे आपण फर्स्ट क्लासात चढलो, उतर आधी, टीशी दंड करील!" आणि ट्रंक उचलून निघाली की दाराकडे! मी तिकीट दाखवतोय, शेजारचे काका सांगतायत की आजी हाच सेकंड क्लास, तुमच्याच खासदारानं गादी घातलीय, पण ऐकेल तर शपथ. तिनं दंडवत्यांनाच मत दिलेलं, तरी. शेवटी टीशी आला, तिकीट बघितलं, "बसा आजी" म्हणाला, तेव्हा कुठं बसली.

पुढं 1990ला दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि कोकण रेल्वेचं महामंडळ निघालं. 1998 साली गाडी अख्ख्या कोकणातनं धावली. दंडवते 2005ला गेले, देह जे.जे. हॉस्पिटलला दिला. आणि आता? स्लीपरचे डबे कमी करून एसी वाढवतायत, माझं स्पष्ट मत आहे हे उलटं चाललंय.

हां, गोधडीचं राहिलंच. टीशी गेल्यावर आजीनं ती सोडली आणि त्या दोन इंच फोमवर नीट अंथरली. म्हटलं, आता कशाला आजी, मऊच तर आहे. तर म्हणते, "नवीन दिसतंय रे, मळायला नको."