सहीच्या आधीचा वकील

नमस्कार श्रोतेहो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण सगळेच म्हणत आलोय. छोटा धंदा करणारा माणूस यातून सोयीचा अर्थ काढतो: वकिलापासून चार हात लांब राहावं. खरं तर कोर्टाची पायरी चढायची नसेल, तर वकिलाकडे जायला हवं, फक्त लवकर. भांडण लागल्यावर, नोटीस हातात पडल्यावर वकील शोधणारे पुष्कळ. तोवर वकिलाच्या हातात फार काही उरत नाही. तुम्ही सही करून दिलेल्या कागदातून वाट काढायची, एवढंच त्याचं काम होतं. सहीआधी तोच कागद त्याच्यापुढे ठेवला असता, तर कदाचित एक ओळ बदलून भागलं असतं.

मोठ्या कंपन्यांकडे वकिलांचा स्वतंत्र विभाग असतो. तुमच्यापुढे येणारा ‘छापील’ करार बहुधा तिथूनच आलेला असतो आणि तो त्यांच्याच सोयीचा असतो. ‘सगळे यावरच सह्या करतात’ असं कुणी म्हटलं की पेन खिशात ठेवावं. पुष्कळदा त्या करारात बदल होऊ शकतो. आजवर कुणी मागितलेला नसतो, एवढंच.

आता एक कलम जरा जवळून बघू. दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी जागा भाड्याने घेताना करारात एक वाक्य हमखास असतं: ‘मुदत संपल्यावर उभयतांच्या संमतीने कराराचे नूतनीकरण करता येईल.’ वाचून बरं वाटतं. पण त्यात तुम्हाला मिळालं काय? काहीच नाही. दोघांची संमती असेल तर करार वाढवता येतोच, त्यासाठी आधी लिहून ठेवायची गरज नसते. मालक ‘नाही’ म्हणाला की तुम्ही बाहेर. फर्निचर, वायरिंग, जोडलेलं गिऱ्हाईक, सगळं त्या जागेला चिकटलेलं. तिथे ‘भाडेकरूने मुदतीआधी लेखी कळवल्यास त्याला आणखी इतकी वर्षे, इतक्या भाडेवाढीने जागा वापरण्याचा हक्क राहील’ असं लिहून घेतलं, तर चित्र पालटतं. वकिलाला हा फरक दिसायला दोन मिनिटं लागतात. आपण मात्र ते वाक्य पुनःपुन्हा वाचूनही खूश असतो.

भागीदारीचं तर विचारू नका. मित्र मित्र एकत्र येतात, सगळं विश्वासावर चालतं, आणि ‘आपल्यात कसला आलाय कागद’ असं म्हणून करारपत्र राहून जातं. साध्या भागीदारीचा नियम बहुतेक देशांत असा आहे की धंद्याच्या कामासाठी एका भागीदाराने केलेला व्यवहार सगळ्यांवर बंधनकारक होतो, आणि धंद्याचं देणं प्रत्येकाच्या घरादारापर्यंत पोचू शकतं. मित्राने उधारीवर माल उचलला आणि तो हात वर करून मोकळा झाला, तर माल देणारा वसुलीला तुमच्या दारात. म्हणून वकील आधी नको ते प्रश्न विचारतो. एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याचा हिस्सा मोजायचा कसा? एक जण गेला तर वारसांना काय? दोघांचं पटेनासं झालं तर शेवटचा शब्द कुणाचा? हे प्रश्न सगळे हसतखेळत असतानाच विचारावेत. भांडणानंतर त्यांची उत्तरं कुणी सरळ देत नाही.

धंदा आणि घर यांच्यात भिंत कशी उभी राहते, याचा एक जुना खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. लंडनमध्ये ॲरन सॉलोमन नावाचे बूट तयार करणारे व्यापारी होते. 1892 मध्ये त्यांनी आपल्या धंद्याची मर्यादित कंपनी केली. कायद्याला 7 सभासद लागत, म्हणून बायको आणि 5 मुलांना एकेक शेअर दिला. एकूण 20,007 पैकी 20,001 शेअर स्वतःकडे. शिवाय धंदा कंपनीला विकल्याच्या किमतीपोटी त्यांनी तारणाचे डिबेंचरही, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवर आधी हक्क देणारे कर्जरोखेही, घेतले. वर्षभरातच धंदा बसला. ‘ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, तेव्हा देणी त्यांनी भरावीत’ असा दावा झाला, आणि खालची दोन्ही न्यायालयं सॉलोमन यांच्या विरुद्ध गेली. नोव्हेंबर 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल फिरवला: कंपनी रीतसर नोंदवलेली आहे, ती वेगळी व्यक्ती आहे, तिचं देणं तिचंच. कागदपत्रं चोख होती म्हणून माणूस वाचला.

पण त्या कंपनीला विनातारण उधार माल देणाऱ्यांचा विचार करा. त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. आपण कधी सॉलोमन असतो, तर कधी त्यांना चामडं पुरवणारे. समोरची ‘कंपनी’ म्हणजे नेमकं कोण, तिच्यामागे मालमत्ता आहे का, पैसे थकले तर कुणाला धरायचं, हे माल देण्याआधीच विचारावं लागतं.

आणि ती भिंतही आपणच पाडतो. कर्ज देणारी बँक किंवा जागामालक शेवटच्या पानांत एक ‘पर्सनल गॅरंटी’ घालतो. कंपनीच्या सहीखाली तुमची दुसरी सही. ती केलीत की कंपनीने भरलं नाही तर तुम्ही भरायचं. कधी ती द्यावीच लागते, दुसरा इलाज नसतो. पण मग रकमेला मर्यादा घालून घ्या, ठरावीक काळानंतर ती संपेल असं लिहून घ्या. हे मागायचं असतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. बाहेरच्या कलाकाराकडून पैसे देऊन लोगो करून घेतला म्हणजे त्याचे हक्क आपोआप तुमचे होतात असं नाही, अनेक देशांत ते लेखी नावावर करून घ्यावे लागतात. आलेली नोटीस टेबलाच्या खणात ठेवू नका. कोर्टाच्या समन्सला उत्तर दिलं नाही, तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो. इंटरनेटवरून उतरवलेला करार वापरायचाच असेल, तर कुठल्या देशाचा कायदा आणि कुठलं कोर्ट त्यात लिहिलंय, ते आधी पाहा. दुसऱ्याच खंडातल्या शहराचं नाव तसंच राहिलेले करार असतात!

मग काय, पगारी वकील ठेवायचा? मुळीच नाही. रोजची बिलं, किरकोळ ऑर्डरी यांसाठी वकील म्हणजे पैशांची नासाडी. जागा, भागीदार, कर्ज, मोठं गिऱ्हाईक, पहिला नोकर, अशा वळणांवर तासा-दोन तासांचा सल्ला पुरतो. फी आधीच विचारा, त्यात लाज कसली? तासावर की कामावर, मसुद्यात किती वेळा दुरुस्ती, फोनवरच्या प्रश्नाचे वेगळे पैसे का, हे लिहून घ्या. फौजदारी खटले गाजवणारा वकील करार तपासायला चांगला असेलच असं नाही. आणि वकिलांचीही एक खोड असते: त्यांना प्रत्येक कोपऱ्यात धोका दिसतो. सगळं ऐकलं तर धंदाच होणार नाही. धोका किती, हे त्यांनी सांगावं. तो पत्करायचा की नाही, हे मालकाने ठरवावं.

जाताना घडलेल्या गोष्टी तारीखवार एका कागदावर लिहून न्या, ईमेल आणि मोबाइलवरचे निरोप छापून न्या. आपल्या विरुद्ध जाणारा कागद तर आधी दाखवा. तो समोरच्याकडे असतोच. मूळ प्रती मात्र शक्यतो स्वतःकडे ठेवा, आणि दिल्याच तर पोच घ्या. वकिलाकडूनसुद्धा.

नमस्कार.