ब्रेक पॅड शोरूमले टाकू का गॅरेजले? बिल उघडून पाहू, अन् त्या पिनचं बोलू

राजेहो, नमस्कार. आज जॅक नाही, पाना नाही, आज फक्त बोलणार आहे. मागच्या ब्रेकच्या व्हिडिओखाली जे कमेंट येऊन राहिले त्यात निम्म्या लोकायचा एकच सवाल, "भाऊ, पॅड शोरूमले टाकू का बाहेर?" अन् बाकीचे निम्मे त्यायलेच उत्तर देऊन राहिले, कोणी म्हणते शोरूमवाले लुटतात, कोणी म्हणते गॅरेजवाले डुप्लिकेट माल टाकतात. लय गरमागरमी झाली खाली. त्यातच एका भावानं आपलं शोरूमचं बिल पाठवलं, म्हणे यावरच बोला. तं बोलतो.

आधी एक सांगून ठेवतो. माझं स्वतःचं गॅरेज आहे अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडं, अन् त्याच्या आधी मी सर्व्हिस सेंटरच्या वर्कशॉपमध्येच काम केलं, म्हणून दोन्हीकडचं आतून पाहिलेलं आहे. आज कोणाची बाजू घेऊन बोलत नाही.

बेसिक पटकन आटपतो, ते बऱ्याच जणायले माहीत आहे. आपल्याकडच्या छोट्या गाड्यायले पुढं डिस्क अन् मागं ड्रम असते. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी, पॅड तिले दोन्हीकडून दाबतात. पॅड पुढं, मागं ड्रमच्या आत ब्रेक शू. म्हणून "चारही चाकायचे पॅड कितीले" असं विचारू नका, बहुतेक गाड्यायले मागं पॅड नसतेच. पॅडचा सेट म्हणजे चार नग, डावं-उजवं सोबतच बदलायचं. नवीन पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, साधारण १० मिलिमीटर, ३ वर आला की बदलून टाका. चिर्रर्र असा बारीक आवाज येते तो पॅडच्या पत्तीचा इशारा असते, अन् घर्रर्र आवाज आला म्हणजे लोखंडावर लोखंड चालून राहिलं. बस, झालं.

आता बिल. गाडी साधी हॅचबॅक, पुढचे पॅड. पॅड सेट १,९५०, लेबर ७००, "ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग" ६००, क्लीनर स्प्रे ३००, ब्रेक ऑइल बदली लेबरसकट ७५०. टोटल ४,३००. हेच काम त्याच्या गावच्या गॅरेजवर १,६५० मध्ये सांगतलं होतं, १,३५० चा पॅड अन् ३०० मजुरी. फरक २,६५० चा. आता भाऊ म्हणते, पॅडमध्येच लुटलं.

नाही ना राजा, नीट पाहा. पॅडमध्ये फरक ६०० चा, लेबरमध्ये ४०० चा. म्हणजे १,००० झाले. उरलेले १,६५० कुठं गेले? क्लीनिंग, स्प्रे अन् ऑइलमध्ये. अन् गंमत पाहा, ज्या ओळीवर भावाले सगळ्यात जास्त राग आला, ती ६०० ची ग्रीसिंगची ओळ, तेच काम त्या अख्ख्या बिलात सगळ्यात कामाचं आहे. झालं असलं तं.

पॅडचं आधी सांगतो. गाडीची कंपनी स्वतः पॅड बनवत नाही. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश असे बनवणारे आहेत, यातले लोक गाडी कंपन्यायलेही माल देतात अन् बाजारातही स्वतःच्या डब्यात विकतात. म्हणून बाहेरचा पॅड म्हणजे हलका, हे डोक्यातून काढा. हो, डुप्लिकेट असते, अन् तो जीवघेणाच असते. जुना पॅड हातात घेऊन दुकानात जा, आकार जुळवा, डब्यावरचा पार्ट नंबर, बनवणाऱ्याचं नाव अन् एमआरपी पाहा, अन् पक्कं बिल मागा. बिल देत नसन तं दुसरं दुकान पाहा. अन् ऑटो पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यावर आला, तं जुन्या डब्यावरची जुनी एमआरपी दाखवली तं विचारा, लाजू नका.

आता माझा जीव जिथं जळते त्यावर येतो. पिन. स्लाइड पिन. त्या ग्रीसिंगच्या ओळीचं खरं काम हेच.

हा पाहा पॅड. (पॅड कॅमेऱ्याजवळ धरतो) हे दोन्ही एकाच चाकातून निघाले, एकाच दिवशी टाकलेले. हा बाहेरचा, याच्यावर मसाला अजून ७ मिलिमीटर आहे. अन् हा आतला. दिसते का? एका कोपऱ्यात पत्रा उघडा पडला, निळा झाला तापून. गाडीवाला म्हणे मी चाकाच्या भोकातून रोज पाहत होतो, पॅड चांगला जाड दिसे. दिसनच! भोकातून बाहेरचाच पॅड दिसते. आतला पाहाले चाक काढा लागते.

असं काऊन होते? आपल्या गाड्यायच्या कॅलिपरले, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाले, पिस्टन (ऑइलच्या दाबानं सरकणारा दट्ट्या) एकच असते, आतल्या बाजूले. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडले ढकलते, अन् त्याच्याच जोरानं कॅलिपरचं अख्खं धड दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणते. सुपारीचा अडकित्ता पाहिला ना, खीळ गंजली की कितीही जोर लावा, सुपारी कातरत नाही, हे तसंच आहे. पिन जाम झाली की धड सरकत नाही, मग एकटा आतला पॅड मरते. नाहीतं दुसरं होते, ब्रेक सोडला तरी पॅड सुटत नाही, घासतच राहते, चाक तापते, गाडी एका बाजूले ओढते, अॅव्हरेज पडते, अन् माणूस म्हणते पेट्रोलमध्ये भेसळ आहे.

आपल्या इकडे हे जास्त होते. आपली काळी माती, पावसाळ्यात पांदणीनं वावरापर्यंत गाडी नेली की चाकात चिखलाचा गोळा बसते, तो कॅलिपरवर सुकते, पिनवरचं रबरी टोपण, ज्याले बूट म्हणतात, ते फाटते, पाणी आत जाते, गंज लागते. अन् मग उन्हाळा ४५ डिग्रीचा. जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं होते. कंपनीच्या पुस्तकात आपली पांदण नाही लिहिलेली, म्हणून पॅड इतक्या किलोमीटरले बदला हे जे सांगतात ते आपल्याले जसंच्या तसं लागू नाही.

मागच्या वर्षी एक गाडी आली, लोक चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं उतरत होते, डाव्या चाकातून धूर. लेकरं होती गाडीत, बिचारे रस्त्याच्या कडेले उभे राहून चाक थंड व्हायची वाट पाहत होते. पॅड नवेच होते, काही महिन्यांआधी टाकलेले. मी चाक काढलं, वरची पिन हातानं फिरे, खालची पान्यानंही निघेना, हातोडी माराले लागली. ज्यानं पॅड टाकले त्यानं जुने काढले, नवे ठोकले, झालं. पिनले हातच लावला नाही. कुठं टाकले होते ते सांगत नाही, कारण हे दोन्हीकडं होते, मोठ्या वर्कशॉपमध्येही होते. तिथं दिवसाच्या गाड्यायचा ढीग असते, "ग्रीसिंग" जॉब कार्डवर छापून येते, अन् पोट्टा स्प्रे मारून मोकळा होते. अन् गॅरेजवाल्यानं ३०० रुपयांत पिन काढून, पॉलिश पेपरनं घासून, बूट धुऊन, ग्रीस भरून बसवावं, तं त्याले परवडत नाही. अर्धा-पाऊण तास जास्तीचा जाते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. वॉरंटी संपलेली साधी गाडी असन तं गावच्या चांगल्या मेकॅनिककडं टाका, पण त्याले २०० रुपये जास्तीचे स्वतःहून द्या अन् म्हणा, दोन्ही पिना काढ, मले दाखव. शंभरेक रुपयाचं ग्रीसचं पाऊच घ्या. तरी २,००० च्या आत होते. शोरूमले टाकली तं ती ६०० ची ओळ कटवू नका, उलट म्हणा, या ओळीचे पैसे देतो, पिन बाहेर निघालेली पाहून देतो. आत येऊ देत नसतील तं फोटो मागा. अन् परीक्षा सोपी आहे, साफ पिन अंगठ्यानं दाबली की आत-बाहेर सरकते, बूट फुगते अन् दबते. अंगठ्यानं नाही हलली तं काम झालं नाही.

ग्रीसवर एक कमेंट आला होता, त्याले पन्नासच्या वर लाईक, म्हणून बोलावंच लागते. "भाऊ ट्रॅक्टरचं ग्रीस घरी डब्बाभर पडलं आहे, तेच लावतो." नका लावू, हात जोडतो. ते पेट्रोलियमवालं ग्रीस आहे, त्यानं पिनचं रबर फुगते, फुगलं की पिन पुन्हा जाम. म्हणजे साफ करून तुम्ही स्वतःच जाम केली. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस वेगळं येते, पाऊचवर लिहिलं असते. अन् पॅडच्या मसाल्याले, डिस्कले कोणतंच ग्रीस लागता कामा नये, बोट लागलं तरी क्लीनरनं पुसा.

डिस्कचं आता. "पॅडसोबत डिस्कही बदला, रेघा पडल्या" असं सांगून ४,३०० चं बिल आठ-नऊ हजारावर नेतात. बारीक रेघा प्रत्येक डिस्कवर असतात. कमीत कमी जाडी किती पाहिजे ते डिस्कवरच कोरलेलं असते. म्हणा, व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावा अन् माझ्यासमोर मोजा. कमी भरली तं खुशाल बदला, तिथं पैसा वाचवू नका. भरत असन तं बदलायचं काऊन? अन् ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलणं बरोबरच आहे, ते हवेतलं पाणी ओढते, घाटात उकळते अन् पेडल खाली जाते. पण आठ महिन्यांआधी बदललेलं पुन्हा बदलत असतील तं जुनं बिल दाखवा.

वॉरंटीचा सवाल लय जण विचारून राहिले. पॅड तसेही झिजणारा माल आहे, ते वॉरंटीत येत नाहीत. अन् २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यायले २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, स्पेअर पार्ट बाहेरच्या गॅरेजले भेटू देत नव्हते म्हणून. पुढं अपिलं झाली, ते वेगळं. पण त्या आदेशात हेही होतं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणानं अख्खी वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानं जे बिघडलं तेवढ्यापुरतंच. तरी गाडी नवी असन, काउंटरवर वाद घालायची ताकद नसन, तं वॉरंटीपर्यंत शोरूमलेच जा, मी अडवत नाही. मागच्या चाकायलेही डिस्क अन् बटनाचा हँडब्रेक असन तरी तिथंच जा, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरले जोडायचं यंत्र) लावून सर्व्हिस मोड टाकल्याशिवाय त्याचा पिस्टन मागं घेऊ नये, जोर केला तं हँडब्रेकची मोटर जाईन.

पण शोरूमसाठी आपल्याकडून अमरावती जाणं-येणं जवळपास १०० किलोमीटर, म्हणजे ५०० च्या वर पेट्रोल, अन् दिवस गेला तो वेगळा. सोयाबीन काढणीच्या दिवसात कास्तकाराचा दिवस कितीचा पडते ते तुम्हीच लावा. हे ना शोरूमच्या बिलात येते ना कमेंटमधल्या भांडणात.

घरी स्वतः करणाऱ्या पोट्ट्यायले घाईत सांगतो, पिस्टन मागं दाबायच्या आधी ब्रेक ऑइलच्या डब्बीचं झाकण उघडा, भरलेली असन तं थोडं काढा, नाहीतं सांडून रंग खराब होते. कॅलिपर पाइपवर लटकवू नका, तारेनं बांधा. धूळ हवेनं उडवू नका, फुप्फुसात जाते. अन् गाडी हलवायच्या आधी ब्रेक पंप करा, पेडल कडक होईपर्यंत, पहिला ब्रेक खालीच जाते. त्यानंतर २००-३०० किलोमीटर कचकन ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर बसू द्या.

ज्यायच्याकडं असे बिल असतील त्यायनं फोटो पाठवा, गाडी नंबर अन् फोन नंबर झाकून. पुढच्या खेपेले मागचा ड्रम खोलतो, त्यात शू अन् हँडब्रेकची तार दोन्ही दाखवतो.