बटव्यात ससा

नमस्कार मंडळी. मी लालबागचा, चाळीत वाढलो, चाळीतच म्हातारा झालो, आणि मधली ३४ वर्षं उंदीर मारले. हसा, हसा, पण नोकरीच होती ती, महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात, रात्रपाळी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि सकाळपर्यंत ३० उंदरांचा कोटा. तर रेडिओवाल्यांनी बोलावलं उंदरांवर बोला म्हणून, पण मुंबईकरांना उंदीर मी काय सांगणार, रोज भेटतात की. मी आज बोलणार आहे फेरेट नावाच्या जनावरावर, आणि ते घेऊन सशाची शिकार कशी करतात त्यावर.

आता तुम्ही म्हणाल लालबागच्या माणसाला हे कुठून कळलं. तर पोरगी असते इंग्लंडात, यॉर्कशायर म्हणून भाग आहे, तिथल्या एका छोट्या गावात. तिचं बाळंतपण होतं म्हणून आम्ही दोघं गेलो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे ऐन थंडीत. बायकोला तिथं काम होतं, डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, मानपान. मला काय? भांडी मशीन घासतं, भाजी जावई ऑनलाइन मागवतो, चार वाजता अंधार. खिडकीत बसून मी शेजारच्या आजोबांची मागची बाग बघायचो, तिथं एक लाकडी खुराडं होतं आणि ते रोज सकाळी त्याच्यासमोर वाकून कोणाशीतरी गप्पा मारायचे. एक दिवस गेलो कुंपणाशी. माझं इंग्लिश फॉर्म भरण्यापुरतं, त्यांचं यॉर्कशायरचं, ते मला अजूनही धड कळलेलं नाही, पण मी मोबाइल काढून आमच्या खात्यातला एक जुना फोटो दाखवला, मी, माझी काठी आणि समोर ओळीनं मांडलेले उंदीर. आजोबांनी तो फोटो मोठा करून करून बघितला आणि सरळ फाटक उघडलं.

खुराड्याजवळ गेलो तर पहिला आला वास. आपल्या चिचुंद्रीचा असतो ना, त्याच जातीचा, फक्त जास्त गोडसर. आत गवताच्या ढिगात दोन-तीन जनावरं एकमेकांवर पडून झोपलेली, आणि झोप तरी किती, दिवसातले १४ ते १८ तास झोपतात म्हणे. लांबुळकं अंग, आखूड पाय, बारीक तोंड. मी म्हटलं हे तर मुंगूस! पण नाही, मुंगसाचं खानदान मांजराच्या बाजूचं, आणि हा फेरेट आपल्या पाणमांजराच्या कुळातला. पोलकॅट नावाचा एक रानटी प्राणी आहे युरोपात, त्याला माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीच पाळीव केलं तो हा फेरेट, आणि पाळला तो सशांच्या बिळात सोडण्यासाठी, लाडासाठी नाही. नावसुद्धा बघा, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो छोटा चोर. आजोबांकडे एक पांढरी होती, लाल डोळ्यांची, आणि बाकीचे तपकिरी, डोळ्यांवर काळी पट्टी असलेले. पांढरी बरी, म्हणाले, झुडपात कुठं गेली तर दिसते, तपकिरी सुकलेल्या पानांत हरवतात.

नराला ते लोक हॉब म्हणतात, मादीला जिल. हॉब दीड-दोन किलोपर्यंत जातो, जिल त्याच्या निम्मी. बिळात सोडायला जिल बरी कारण ती पातळ, सशाच्या अंगावरून सरकू शकते, धिप्पाड हॉब मध्येच सशाला अडकवून मारून टाकतो. आणि खायला फक्त मांस हं, पूर्वी लोक पाव-दूध घालायचे त्यानं जनावरं खंगायची, आजोबा सशाचंच मटण घालतात, केस-हाडांसकट.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून मी चाटच पडलो. जिल माजावर येते वसंतात, दिवस मोठे व्हायला लागले की. आणि नर भेटेपर्यंत तिचा माज उतरतच नाही. कुत्रीचा आपोआप जातो, हिचा नाही. महिनोन्महिने तशीच राहिली तर शरीरात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन साठत जातं, हाडातला मगज रक्त बनवायचं सोडतो आणि बिचारी त्यानंच मरते. मग काय दरवर्षी पिल्लं काढायची? ४२ दिवसांत सात-आठ पिल्लं, कोण घेणार एवढी? म्हणून एकतर डॉक्टरकडून इंजेक्शन, नाहीतर आजोबांचा उपाय, नसबंदी केलेला हॉब पाळायचा. तो आपलं काम करतो, जिल शांत होते, पिल्लं काही नाहीत. मी त्यांना आपला लाल त्रिकोण कागदावर काढून दाखवला, हम दो हमारे दो समजावलं, तर म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला.

जानेवारीत मला घेऊन गेले. शिकार थंडीतच, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून मार्चच्या आतबाहेर, कारण एकतर झाडोरा वाळलेला असतो म्हणून बिळं दिसतात, आणि दुसरं म्हणजे एकदा बिळात सशांची पिल्लं झाली की फेरेट आतच त्यांना खाऊन ताणून देतो, बाहेर येतोय कशाला. एका शेतकऱ्याचं शेत होतं, त्याची परवानगी काढलेली, बांधाला लागून सगळी बिळंच बिळं. बरोबर आजोबांची कुत्री. ती प्रत्येक बिळाला नाक लावत जायची, काही बिळं सोडून द्यायची आणि एखाद्यापाशी पुढचा पाय उचलून थांबायची, म्हणजे आत आहे.

मग जाळी लावायची. हे माझं आवडतं काम झालं. छोटी जाळी, मीटरभराची, कडेनं एक दोरी ओवलेली आणि दोरीच्या टोकाला लाकडी खुंटी. बिळाच्या तोंडावर जाळी पसरायची, खुंटी ठोकायची नाही, नुसती दाबायची. ससा आतून उसळला की जाळ्यासकट पुढं जातो, खुंटीनं दोरी ताणली जाते आणि तोंड बंद. आपल्या आजीचा बटवा असायचा ना कमरेला, नाडी ओढली की मिटणारा, तेच. तेही लोक त्याला पर्स नेटच म्हणतात, म्हणजे बटवाच झाला की.

आणि बोलायचं नाही. अजिबात नाही. पाय आपटायचे नाहीत, खोकायचं नाही, कारण ससा जमिनीतून ऐकतो, आणि एकदा त्याला कळलं वर माणसं आहेत तर फेरेटनं ओरबाडलं तरी बाहेर पडत नाही. मला याची सवय होती, रात्री दोन वाजता मार्केटच्या गल्लीत उंदराची वाट बघत असाच उभा राहायचो. आजोबांनी २३ बिळांना जाळी लावली आणि फेरेटचा डबा उघडायला वाकले, तेवढ्यात मला काटेरी वेलीखाली जरा भुसभुशीत माती दिसली, बोटभर फट. घूस असंच करते, एक तोंड मातीनं झाकून ठेवते पळायला. मी आजोबांची बाही ओढली, बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खिशातून चोविसावी जाळी काढून माझ्या हातात दिली. मंडळी, ३४ वर्षांच्या नोकरीत मला असं सर्टिफिकेट मिळालं नव्हतं.

पांढरीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात छोटा ट्रान्समीटर. सोडली. ती शेपूट फुलवून, जांभई दिल्यासारखं करून आत गेली आणि मग काही नाही. पाच मिनिटं काहीच नाही. मग पायाखाली धप्प धप्प, ससा मागचा पाय आपटून बाकीच्यांना सावध करतो तो आवाज, कानाला कमी आणि बुटाला जास्त कळतो. आणि पुढच्या क्षणी माझ्याच जाळीत, त्या चोविसाव्या, काहीतरी तोफेच्या गोळ्यासारखं आदळलं आणि गवतात गोलांटी खाऊन पडलं. आजोबा ओरडले ते मला कळलं नाही पण अर्थ कळला, मी सशावर हात दाबला आणि पाय बिळाच्या तोंडावर ठेवला म्हणजे मागचा दुसरा निसटू नये. त्याचं काळीज माझ्या तळव्याला लागत होतं. मी आयुष्यात हजारो उंदीर मारले, पण तो काही मला मारता येईना, आजोबांकडे दिला, त्यांनी मान एका झटक्यात मोडली, सेकंदसुद्धा नाही लागला.

बघा म्हणजे फेरेट ससा पकडत नाही! लोकांना वाटतं तो आत जाऊन तोंडात धरून आणतो. त्यानं फक्त आत जायचं, बाकी सशाची स्वतःची भीती. आमचं काम उलटं होतं, आम्ही बिळात औषधाची गोळी टाकायचो आणि सगळी तोंडं मातीनं बुजवायचो, बाहेर येऊच नये म्हणून. इथं सगळी तोंडं उघडी, फक्त प्रत्येकावर बटवा.

सात ससे झाले आणि मग घोळ झाला. पांढरी आतच राहिली. मधे एकदा तोंड काढलं होतं तेव्हा आजोबांनी तिची नखं बघितली, नखांत सशाचे केस, म्हणजे आत एक ससा आंधळ्या बोळात तोंड खुपसून बसलाय आणि ही मागून ओरबाडतेय, पुढं जायला जागाच नाही. परत गेली ती गेलीच. रिसीव्हर जमिनीवर फिरवला तर खोली दाखवली पाच फूट, आणि वर एका मोठ्या झाडाची मुळं. फावडं घेऊन सुरुवात केली, दोन फुटांवर मूळ, बाजूनं गेलो तर दगड. शेवटी आजोबांनी मेलेल्या सशाची आतडी बिळाच्या तोंडाशी ठेवली वासासाठी, डबा गवत घालून बाजूला ठेवला, थर्मास काढला आणि म्हणाले बसू.

त्या दोन तासांत त्यांनी मला काय काय सांगितलं, मला अर्धं कळलं, उरलेलं घरी जावयानं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. रोमन काळात स्पेनजवळच्या बेटांवर ससे एवढे माजले होते की लोकांनी बादशहा ऑगस्टसकडे लष्कर मागितलं, सशांविरुद्ध! १३९० साली इंग्लंडच्या राजानं कायदाच केला की वर्षाला ४० शिलिंगाच्या जमिनीचं उत्पन्न नसलेल्या माणसानं फेरेट पाळायचा नाही, म्हणजे गरिबानं सशाचं मटण खायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका साहेबानं शिकारीच्या हौसेसाठी जेमतेम दोन डझन ससे सोडले आणि अख्खा देश कुरतडला गेला. न्यूझीलंडवाल्यांनी सशांवर उपाय म्हणून फेरेट सोडले, तर ते सशांबरोबर किवी पक्षीही मारत सुटले, आता ते त्या फेरेटच्याच मागे लागलेत. आणि १९५३ मध्ये इंग्लंडात मिक्सोमॅटोसिस नावाच्या सशांच्या रोगाची साथ आली, शंभरातले नव्याण्णव ससे गेले. आजोबा तेव्हा पोरसवदा होते, डोळे सुजलेले आंधळे ससे रस्त्यावर बसलेले असायचे म्हणाले, आणि नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत, चहाच पीत राहिले.

मला त्यांनी विचारलं तुमच्याकडे फेरेट का नाही. मी म्हटलं आमच्या सशाला बीळच नसतं. खरंच, आपण दोघांनाही ससा म्हणतो म्हणून घोटाळा होतो. त्यांचा जमिनीखाली राहतो, पिल्लं जन्मतात ती उघडी आणि आंधळी. आपला रानससा गवतात नुसता अंग दाबून बसतो, पिल्लं जन्मतानाच डोळे उघडे, अंगावर केस. ससा-कासवाच्या गोष्टीतसुद्धा ससा झोपतो कुठं, झाडाखाली, बिळात नाही. क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यात पांढरे मिळतात ते त्यांच्या जातीचे. आणि आपल्या रानसशाला हात लावायचं डोक्यातही आणू नका हं कोणी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे तो.

उंदरांवर चालेल का, हे मी विचारलंच, खात्याचं रक्त. आजोबांनी डोकं हलवलं. पूर्वी सोडायचे म्हणे, पण उंदीर ससा नाही, तो उलटा फिरून चावतो, चांगली चांगली जिल फाटून येते. आणि मी मनात म्हटलं तुमचा तो उंदीर, आमच्या गटारातली घूस किलोच्या घरात जाते, तुमच्या जिलपेक्षा जड! शिवाय या जनावराला उकाडा सोसत नाही, पारा तिशीला टेकला की जीभ काढून आडवं होतं, घामच येत नाही त्याला. मुंबईत मे महिना जाऊ द्या, आपल्या ऑक्टोबरमध्येच मेलं असतं. तेव्हा इन्स्टावर व्हिडिओ बघून कोणाला पाळावंसं वाटलं तर एसीचं बिल आधी बघा.

अंधार पडायला लागला तेव्हा गवतात खसखस झाली. पांढरी बाहेर आली, मातीनं तपकिरी झालेली, आतडी हुंगली, आजोबांकडे बघितलं आणि चालत जाऊन स्वतःच डब्यात शिरली, जशी काही आम्हीच उशीर केला होता.

दोन ससे आम्हाला मिळाले. पोरगी म्हणाली बाळंतिणीच्या घरात हे नको, तर बायकोनं बागेत जावयाच्या बार्बेक्यूवर पातेलं ठेवून मालवणी मसाल्यात केले, आजोबांना वाटी दिली. त्यांनी सगळी खाल्ली, नाक पुसत पुसत, आणि निघताना मला ती चोविसावी जाळी दिली, खुंटीसकट. मुंबईला कस्टमवाल्या पोरानं बॅगेतून काढून विचारलं काका हे काय आहे, मी म्हटलं ससे पकडायची जाळी, त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि जा म्हणाला. सध्या ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलीय, बायको त्यात कांदे ठेवते.