मशीन आपलं, किल्ली भलत्याकडे

स्क्रीनवर आत्ता जो आठ पायांचा काळा तुकडा दिसतोय ना, नखाएवढा पण नाहीये तो, ही मदरबोर्डवरची फ्लॅश चिप. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जो कोड धावतो तो हिच्यात असतो. बायोस म्हणा, आता यूईएफआय म्हणतात. विंडोज टाका नाहीतर लिनक्स टाका, ते सगळं नंतर, आधी हा उठणार, रॅम जागी करणार, डिस्क शोधणार आणि मग ठरवणार की पुढे कुणाला चालू द्यायचं आणि कुणाला नाही.

हा कोड बदलायची पद्धत तशी सोपी होती. एक क्लिप मिळते, ती चिपच्या आठ पायांवर चिमट्यासारखी बसवायची, दुसरं टोक सीएच ३४१ ए नावाच्या छोट्या प्रोग्रॅमरला (म्हणजे चिपवर कोड लिहिणारं यंत्र), तो दुसऱ्या कॉम्प्युटरला, जुना कोड वाचून नीट जपून ठेवायचा आणि नवा लिहायचा. ह्याच जोरावर कोअरबूट उभं राहिलं, कंपनीच्या बायोसऐवजी टाकायचा खुला कोड बनवणारा, १९९९ ला लिनक्सबायोस नावानं सुरू झालेला प्रोजेक्ट, आणि थिंकपॅड एक्स २०० सारख्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर लोक आजही त्याच्यावरच बांधलेलं लिब्रेबूट टाकून खुश आहेत, कारण तिथे बूट होतानाचा कोड काय करतो ते उघडून वाचता येतं.

मग २०१३ च्या सुमारास, हॅसवेल नावाच्या प्रोसेसरच्या पिढीबरोबर, इंटेलनं बूट गार्ड आणलं. चिपसेटच्या आत बारीक फ्यूज असतात, लॅपटॉप बनवणारी कंपनी कारखान्यातच तिथे आपल्या किल्लीचा (किल्ली म्हणजे कोडवर डिजिटल सही करायचा गुप्त आकडा) ठसा जाळून ठेवते, हो, अक्षरशः जाळते, एकदा जाळला की परत बदलता येत नाही. तिथून पुढे त्या किल्लीनं सही केलेला कोडच चालणार. आता तुम्ही क्लिप लावा, कोड लिहा, लिहिला जाईल पण, फक्त मशीन चालू होणार नाही. पैसे मोजले तुम्ही, पावती तुमच्या नावावर, आणि पहिली ओळ कुणाची चालायची हे ठरवणारी किल्ली कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर.

आता खरं सांगायचं तर ह्याला कारण आहे आणि ते फालतू नाहीये. २०१८ ला ईसेट ह्या अँटीव्हायरस कंपनीवाल्यांनी लोजॅक्स नावाचं मालवेअर पकडलं, ते थेट ह्या फ्लॅश चिपमधेच जाऊन बसायचं, डिस्क बदलली तरी जात नव्हतं, विंडोज शंभर वेळा टाका काही फरक नाही. असल्या गोष्टीला सहीशिवाय चांगला उपाय नाही हे मलाही मान्य आहे. सहीला माझा विरोध नाहीच. सही करायची किल्ली माझ्याकडे का नाही, एवढंच विचारतोय.

आणि ज्यांच्याकडे ती आहे ते तरी कुठे नीट सांभाळतात. २०२३ मधे एमएसआय ह्या मदरबोर्ड-लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सिस्टिममधे चोर घुसले आणि जे काही बाहेर आलं त्यात बूट गार्डच्या खाजगी किल्ल्यासुद्धा होत्या. पासवर्ड लीक झाला तर आपण बदलतो. इथे ठसा जाळलेला, बदलणार काय? म्हणजे अवस्था बघा, मालकाला स्वतःचा कोड टाकता येत नाही आणि ज्याच्या हाती चोरलेली फाइल लागली त्याला येतो.

दुसरी गोष्ट मॅनेजमेंट इंजिनची. इंटेलच्या चिपसेटमधे एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो, मुख्य प्रोसेसर झोपलेला असताना, नुसती स्टँडबायची वीज असली तरी हा जागा राहू शकतो. २०१५ नंतरच्या पिढ्यांमधे त्याच्यावर मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि ती ज्यांनी लिहिली त्या अँड्र्यू टॅननबॉम ह्यांना हे २०१७ मधे बातम्यांतून कळलं! लायसन्स असं होतं की सांगणं बंधनकारक नव्हतं, त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं त्यात तक्रारीचा सूर पण फार नव्हता, सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.

त्याच २०१७ च्या मे महिन्यात ह्या इंजिनवर चालणाऱ्या एएमटी ह्या सुविधेत एक भोक सापडलं. एएमटी म्हणजे ऑफिसच्या मशीन लांबून सांभाळायची सोय, बंद मशीन चालू करणं, स्क्रीन बघणं वगैरे. लॉगिन करताना ब्राउझर पासवर्डवरून तयार केलेलं एक उत्तर पाठवतो आणि मशीन ते आपल्याकडच्या उत्तराशी अक्षर न अक्षर जुळवून बघते. किती अक्षरं जुळवायची? तर समोरून जितकी आली तितकी. म्हणजे समोरच्यानं रिकामं उत्तर पाठवलं तर शून्य अक्षरं जुळवायची, आणि शून्य अक्षरं तर कायमच जुळतात, या साहेब आत या. असा कोड वर्षानुवर्षं बिझनेस लॅपटॉपमधे बसला होता आणि बाहेरच्या कुणाला तो वाचायची सोय नव्हती.

मग लोक म्हणाले आम्हाला हे इंजिन बंद करू द्या. करून बघा. बऱ्याच मशीनवर त्याचं फर्मवेअर (चिपमधे बसवलेला कोड) पूर्ण पुसलं तर लॅपटॉप ३० मिनिटांनी आपला आपण बंद होतो. पण पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज ह्या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच २०१७ मधे त्यात एक लपलेला बिट, म्हणजे ० किंवा १ चा स्विच, सापडला, तो १ केला की इंजिन सुरुवातीचं काम उरकून गप्प बसतं. इंटेलनं कबूल केलं की ही सोय अमेरिकन सरकारच्या एका सुरक्षा कार्यक्रमाच्या गरजेसाठी आहे. बंद करायचं बटण होतं, सरकारी गिऱ्हाइकाला होतं, तुम्हाआम्हाला नव्हतं. मला ह्या सगळ्यात कटकारस्थान वगैरे दिसत नाही, पण ज्याला धोका कळतो तो बटण मागून घेतो आणि बाकीच्यांना ते आहे हेच सांगितलं जात नाही, हे मात्र डोक्यात जातं.

गंमत म्हणजे लोक पूर्वी एवढे थंड नव्हते. १९९९ ला पेंटियम थ्री आला तेव्हा त्यात प्रत्येक चिपला वेगळा ९६ बिटचा सीरियल नंबर होता, सॉफ्टवेअरला वाचता येईल असा. केवढा गदारोळ झाला, बहिष्काराच्या हाका दिल्या गेल्या, इंटेल म्हणाली बंद करता येईल की, तर जर्मनीच्या एका कॉम्प्युटर मासिकानं दाखवून दिलं की सॉफ्टवेअरनं तो परत चालूही करता येतो. शेवटी पेंटियम फोरमधून तो काढूनच टाकला. आज टीपीएम ह्या सुरक्षेच्या चिपमधे प्रत्येक मशीनची आपली वेगळी किल्ली असते, फोनमधे जाहिरातीसाठी वेगळा आयडी असतो, आणि कुणी हू की चू करत नाही.

सरकारांचं तर विचारूच नका. १९९३ ला अमेरिकेत क्लिपर चिप आणली होती, फोनचं बोलणं एन्क्रिप्ट होणार पण प्रत्येक चिपची किल्ली दोन सरकारी संस्थांकडे अर्धी अर्धी राहणार. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ ह्या संशोधकांनी दाखवलं की सरकारसाठी ठेवलेला तो भाग निकामी करून चिप वापरता येते, कारण तिथली तपासणी फक्त १६ बिटची होती, अंदाज मारत मारत पार करता येईल इतकी लहान. दोनेक वर्षांत प्रकरण गुंडाळलं गेलं. पण कल्पना काही मरत नाही, दर चार-पाच वर्षांनी नवीन कपडे घालून येते, फक्त आमच्यासाठी एक दार ठेवा, आम्ही कोर्टाची परवानगी घेऊनच येऊ. ग्रीसमधे २००४-०५ ला नेमकं असंच एक दार, टेलिफोन एक्सचेंजमधली कायदेशीर टॅपिंगची सोय, कुणीतरी आतून फिरवलं आणि शंभराच्या आसपास फोन ऐकले, त्यात खुद्द पंतप्रधानांचा फोन. २०२४ ला अमेरिकेत सॉल्ट टायफून प्रकरण बाहेर आलं, चिनी हॅकर टेलिकॉम कंपन्यांत शिरले आणि कोर्टाच्या आदेशानं गोळा केलेली माहितीसुद्धा त्यांनी उचलली. त्यानंतर तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की बाबांनो एन्क्रिप्टेड ॲप वापरा. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटन सरकारच्या मागणीची बातमी आली आणि ॲपलनं तिथली आयक्लाउडची सगळ्यात मजबूत सुरक्षा काढून घेतली. एकाच्या अनुभवातून दुसरा शिकेल तर शपथ.

मग कायद्यानं करायचं काय? युरोपात थोडं बरं चाललंय. २०२५ च्या जूनपासून तिथे फोनची विक्री संपल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट द्यावे लागतात, १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी मालकाला स्वतः बदलता यायला हवी असा नियम लागू होतोय. बॅटरीचं झालं, किल्लीचं कुणी बोलत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० किंवा मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर नाही म्हणून चांगल्या चालत्या मशीन मागे राहिल्या, त्यांच्यावर लिनक्स टाकता येतं म्हणून निभावलं. पण खालचं फर्मवेअर? कंपनीनं अपडेट थांबवले की ते तिथेच गोठलं, आणि फ्यूज जाळलेला असेल तर दुसरं कुणी दुरुस्तही करू शकत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे, सपोर्ट संपला की मालकाला स्वतःची किल्ली बसवता आली पाहिजे आणि ते कायद्यात लिहा. कंपन्या लगेच सुरक्षेच्या नावानं गळा काढतील. त्यांना जुनं क्रोमबुक उघडून दाखवा. मदरबोर्डवर एक स्क्रू असायचा, तो जागेवर आहे तोपर्यंत फर्मवेअरच्या मूळ भागाला हात लावता येत नाही, इंटरनेटवरून तर अजिबातच नाही. स्क्रू काढा आणि हवं ते टाका. लांबून येणारा हॅकर काही स्क्रूड्रायव्हर घेऊन येत नाही. नंतरच्या मॉडेलांत स्क्रू गेला, बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी बॅटरीची वायर काढावी लागते, पण मागचं झाकण उघडणारा तो मालक, हे गृहीत तेच आहे. गूगलसारख्या कंपनीनं लाखो स्वस्त लॅपटॉपमधे हे करून दाखवलंय, बाकीच्यांचं घोडं नेमकं कुठे अडतंय ते त्यांनीच सांगावं.