नव्ह-शापेल : लढाईच्या आधीचं आणि नंतरचं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या महायुद्धावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की नव्ह-शापेल हे नाव एका लढाईचं म्हणून समोर येतं. तारीख, सेनापती, तोफा, मृतांचा आकडा, की लगेच पुढचं प्रकरण. मला आज बोलायचंय ते त्या नावाच्या गावाबद्दल. हे गाव लढाईच्या कित्येक शतकं आधीपासून तिथे होतं आणि आजही आहे. लढाईचा विषय येणारच, पण तिथली माती आणि पाणी आधी समजून घेतलं तर ती लढाई तशी का झाली हे जास्त चांगलं कळतं, असं माझं मत आहे. आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं या मातीशी नातं आहे, तेही मला सांगायचंय.

नकाशावर फ्रान्सच्या अगदी उत्तरेला या. पा-द-काले नावाचा जिल्हा आहे, त्याच्या पूर्वेच्या कडेला हे गाव. लील हे मोठं शहर इथून सुमारे वीस किलोमीटरवर, बेत्यून दहा-बारा किलोमीटरवर, आणि ला बासे हे छोटं शहर दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर. गावाची वस्ती हजार-दीड हजाराची. भोवती लीस नदीचं सपाट मैदान, गहू, बटाटा आणि बीटची शेतं. डोंगर म्हणाल तर नाहीच. पूर्वेला ओबेर नावाच्या गावाजवळ एक लांबट उंचवटा आहे, आसपासच्या शेतांपेक्षा जेमतेम पंधरा-वीस मीटर उंच. आपल्याकडे त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण जिथे सगळंच सपाट, तिथे एवढ्या उंचीवरूनही मैलोन् मैल दिसतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथली जमीन चिकणमातीची आणि भूजल अगदी वर. पावसाळी महिन्यांत दोन-तीन फूट खणलं की खड्ड्यात पाणी भरू लागतं. म्हणून पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी बांधाबांधाने चर खोदले आणि पाणी ओढ्यांकडे वळवलं. गावाच्या पूर्वेला ले नावाचा असाच एक ओढा वाहतो आणि त्याच्या पलीकडे ब्वा द्यु बिये नावाचं रान आहे. हा ओढा आणि हे रान लक्षात ठेवा.

आता नाव. नव्ह-शापेल म्हणजे नवं प्रार्थनाघर. शापेल म्हणजे चर्चपेक्षा लहान, एखाद्या वस्तीपुरतं देऊळ. पण हा शब्द आला कुठून? चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. आमियाँ शहराच्या वेशीवर, म्हणजे याच उत्तर फ्रान्समध्ये, थंडीत कुडकुडणारा एक भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे मार्टिन संत झाला. त्या झग्याचा तुकडा फ्रँक राजे, म्हणजे पुढे या भागावर राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांचे राजे, पवित्र वस्तू म्हणून जपू लागले. लॅटिनमध्ये लहान झग्याला कापेला म्हणत. तो जिथे ठेवला त्या खोलीलाही कापेला म्हणू लागले आणि हळूहळू कुठल्याही छोट्या प्रार्थनाघराला तेच नाव पडलं. शिपायाच्या झग्यापासून निघालेलं नाव या गावाला मिळालं, आणि पुढे याच गावात हजारो शिपाई पडले. हा योगायोग माझ्या मनातून जात नाही.

नावाचा पहिला भागही बोलका आहे. आजच्या फ्रेंचमध्ये ‘नवं’ हे विशेषण नामाच्या मागून येतं. इथे ते पुढे आहे. उत्तर फ्रान्समध्ये न्यव्हिल नावाची गावं पुष्कळ, तर दक्षिणेत त्याच अर्थाची व्हिलनव्ह. उत्तरेत विशेषण आधी येतं ते फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीच्या प्रभावामुळे, असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे नुसत्या शब्दांच्या क्रमावरून गाव कुठल्या पट्ट्यातलं हे ओळखता येतं.

शेजारच्या गावाचं नाव तर याहून मजेदार. रिशबूर. १९७१ पर्यंत ही दोन गावं होती, आपल्याकडच्या बुद्रुक आणि खुर्दसारखी. एक रिशबूर-सँ-व्हा आणि दुसरं रिशबूर-लाव्हुए. सँ-व्हा हा आरास शहरातला मोठा मठ. मठाकडे जमीन होती, पण साधूंनी तलवार धरायची नाही. मग मठाच्या मालमत्तेचं रक्षण करायला एखादा सरदार नेमत, त्याला आव्हुए म्हणत. हा मान बेत्यूनच्या सरदारांकडे वंशपरंपरेने होता. एक रिशबूर मठाचं, दुसरं मठाच्या रक्षकाचं. मध्ययुगातली जमिनीची वाटणी गावाच्या पाटीवर विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली.

राज्यकर्ते मात्र भराभर बदलले. हा आर्त्वा प्रांत आधी फ्लँडर्सच्या सरदारांकडे होता. १२३७ मध्ये फ्रान्सच्या राजाने तो आपल्या भावाला दिला. मग तो बर्गंडीच्या घराण्याकडे गेला, तिथून स्पेनच्या हॅब्सबर्ग राजांकडे, आणि १६५९ च्या तहाने त्याचा बहुतेक भाग पुन्हा फ्रान्सकडे आला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७८९ च्या डिसेंबरमधल्या कायद्याने, गावोगावच्या जुन्या धर्मपरगण्यांच्या जागी कम्यून आले. प्रत्येक कम्यूनला स्वतःचा मेयर आणि निवडून दिलेली सभा. आज फ्रान्समध्ये असे सुमारे पस्तीस हजार कम्यून आहेत, त्यांतलं एक नव्ह-शापेल.

आता १९१४. ऑक्टोबरमध्ये जर्मन आणि ब्रिटिश फौजा एकमेकांना बगल देत समुद्राकडे सरकत होत्या आणि आघाडीची रेषा नेमकी या मैदानात येऊन थांबली. ब्रिटिशांकडे माणसं कमी पडत होती. तेव्हा हिंदुस्थानातून आलेली फौज थेट इथे आणली गेली. तिची लाहोर डिव्हिजन सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरात उतरली होती. महिन्याभरात ही माणसं उत्तरेतल्या चिखलात होती आणि समोर युरोपातली थंडी होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनांनी नव्ह-शापेल घेतलं. ते परत घ्यायला २८ ऑक्टोबरला हल्ला झाला. हल्ल्यात ४७वी शीख पलटण होती आणि तिच्या जोडीला थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. हे सॅपर्स खडकीचे. आज ज्याला आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो, तीच ही फौज. तिच्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. यांचं काम पूल बांधायचं, रस्ते करायचं, सुरुंग लावायचं. त्या दिवशी त्यांच्या हाती संगिनी दिल्या आणि पायदळ म्हणून पुढे धाडलं. सपाट, उघड्या शेतातून, समोरून गोळ्या येत असताना ते गावात शिरले. मग एकेक घर, एकेक भिंत, एकेक खिडकी अशी झुंज झाली. गाव बरंचसं हाती आलं, पण मागून कुमक आली नाही आणि उलट हल्ल्यापुढे उरलेल्यांना परतावं लागलं. सॅपर्सचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

ज्या माणसांना घडवायला वर्षं लागतात, अशा कसबी कारागिरांना एका दुपारी असं वापरलं जावं, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि मराठी माणूस पहिल्या महायुद्धाबद्दल बोलतो तेव्हा मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं, नाव निघतं, ते योग्यच आहे. पण नव्ह-शापेलचं नाव क्वचितच निघतं, हेही मला खटकतं.

हिवाळा आला आणि पाणी वर चढलं. खंदक खोल खणताच येईनात. मग दोन्ही बाजूंनी मातीच्या पोत्यांचे बांध जमिनीवर उभे केले, कारण खाली जायला वाव नव्हता. सैनिक गुडघा-गुडघा गार पाण्यात दिवसेंदिवस उभे राहत. जर्मन लोक ओबेरच्या त्या उंचवट्यावर. त्यांचे पाय तुलनेने कोरडे, आणि खालचं सगळं त्यांच्या नजरेत.

१० मार्च १९१५ ला सकाळी साडेसात वाजता ब्रिटिशांच्या तोफा सुरू झाल्या. विमानातून टिपलेल्या फोटोंवरून जर्मन खंदकांचे नकाशे आधीच काढले होते. त्या काळात ही नवी गोष्ट होती. पस्तीस मिनिटं भडिमार झाला आणि मग पायदळ निघालं. हल्ल्यातलं सुमारे निम्मं सैन्य हिंदी होतं. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी खंदकाच्या वळणावळणाने शत्रूला मागे रेटत पुढे गेले आणि त्याच दिवशी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टिहरी गढवालमधल्या चंबा गावी आजही त्यांच्या नावाची जत्रा भरते.

गाव दुपारच्या आत हाती आलं. पण पुढे काय? टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, निरोप मागे पोचेना, मागचे हुकूम पुढे येईनात. ताज्या तुकड्या तासन् तास थांबून राहिल्या. तेवढ्यात जर्मनांनी ओढ्यापलीकडच्या त्या रानात आणि त्याच्या आसपास पक्की ठाणी बसवली. संध्याकाळी आपले लोक रानाच्या कडेपर्यंत पोचले आणि त्यांना परत यावं लागलं. आणखी दोन दिवस माणसं मरत राहिली. ब्रिटिश आणि हिंदी मिळून अकरा हजारांहून अधिक माणसं कामी आली किंवा जखमी झाली, त्यांत हिंदी चार हजारांवर. मिळालं काय? जेमतेम किलोमीटरभर खोलीची पट्टी आणि उद्ध्वस्त झालेलं गाव. ओबेरचा उंचवटा जर्मनांकडेच राहिला.

गावात घर म्हणावं असं काही उरलं नाही. पण एका क्रुसावरची ख्रिस्ताची मूर्ती त्या पडझडीत राहिली. एप्रिल १९१८ मध्ये इथे ब्रिटिशांच्या बाजूने लढणारं पोर्तुगीज सैन्य होतं. ९ तारखेच्या जर्मन हल्ल्यात त्याची फार हानी झाली आणि ती मूर्तीही भंगली. १९५८ मध्ये फ्रान्सने ती भंगलेली मूर्ती पोर्तुगालला दिली. तिथल्या बाताल्याच्या मठात, अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी, ती ‘खंदकांचा ख्रिस्त’ या नावाने आज उभी आहे.

युद्धानंतर लोक परत आले. त्यांनी खंदक बुजवले, पाण्याचे चर नव्याने खोदले, विटांची घरं बांधली, चर्च पुन्हा उभं केलं. या माणसांबद्दल पुस्तकांत दोन ओळीही नसतात. ज्या शेतात नांगराच्या फाळाला तोफगोळे लागतात, त्या शेतात परत पेरायला किती धीर लागत असेल!

७ ऑक्टोबर १९२७ रोजी इथे हिंदी सैनिकांच्या स्मारकाचं अनावरण झालं, युद्धाच्या अखेरीस दोस्त फौजांचे सरसेनापती असलेल्या फ्रेंच मार्शल फॉश यांच्या उपस्थितीत. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा. दिल्लीचं सचिवालयही त्यांचंच. गोलाकार आवार, सांचीच्या कठड्याची आठवण देणारी दगडी जाळी, छत्र्या, आणि मधोमध पंधरा मीटर उंचीचा कमळशीर्षाचा स्तंभ. त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी वाघ. ईश्वर एक आहे, विजय त्याचाच, या अर्थाचं वचन वेगवेगळ्या लिप्यांत कोरलेलं. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं आहेत, ज्यांची कबर किंवा चिता कुठे हे कुणालाच ठाऊक नाही त्यांची. २०२३ मध्ये पश्चिम आघाडीवरच्या स्मृतिस्थळांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हेही स्मारक आहे.

गंमत अशी, की नव्ह-शापेलचं म्हणून ओळखलं जाणारं हे स्मारक कम्यूनच्या हद्दीप्रमाणे शेजारच्या रिशबूरमध्ये येतं. जवळच पोर्तुगीज सैनिकांचं दफनस्थानही आहे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी फ्रान्सला जाणार असेल तर लीलहून बेत्यूनकडे जाणारी स्थानिक गाडी पकडा. ला बासे-व्हिओलेन स्टेशनवर उतरा. तिथून स्मारक पाच-सहा किलोमीटर उत्तरेला आहे. आणि जायचं नसेल तरी एक करता येईल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर या भिंतीवरची सगळी नावं आहेत. पलटणीप्रमाणे शोधता येतात. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला आहे. घरात पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये होते असं कधी ऐकलं असेल, तर जरूर शोधा. फक्त एक ध्यानात ठेवा, कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत उतरवलंय. तेव्हा एकच नाव तीन-चार प्रकारे लिहून पाहा, गावाचंही तसंच, आणि पहिल्या खेपेला सापडलं नाही म्हणून सोडू नका.

नमस्कार.