नकाशावर रंग फिका : केर काउंटीचा पूर

(दृश्य : अमेरिकेचा नकाशा, काउंटीनिहाय रंग)

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण वस्तीचा काही मेळ नाही. 2020 च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी लोक होते, टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत 64. या सगळ्यांचा धोका एकाच मापाने मोजायचं काम ‘फीमा’ या केंद्रीय आपत्ती यंत्रणेच्या धोका निर्देशांकाने अंगावर घेतलं.

पूर, टोर्नेडो, वणवा, गारपीट असे 18 धोके त्यात येतात. आपत्तीच्या वाटेत काय काय आहे, ती वर्षाला किती वेळा येते आणि आली की त्यातलं किती जातं, यांचा गुणाकार म्हणजे वर्षाचं अपेक्षित नुकसान. सगळा हिशेब डॉलरमध्ये. इमारती, पिकं, माणसाचा जीवसुद्धा. लोक किती हलाखीत आहेत, सावरायची ताकद किती, यावरून मग आकडा वरखाली होतो.

ग्रामीण काउंटी इथेच मार खाते. घरं विरळ आणि स्वस्त, त्यामुळे नुकसानीचा आकडा लहान आणि रंग फिका. देशाचा पैसा कुठे बुडेल, हे या नकाशाला नीट कळतं. रात्री दोन वाजता नदीकाठची माणसं कुठल्या रस्त्याने निघतील, ते त्याला विचारू नये.

(दृश्य : फरशी पूल, कडेला फुटांचे आकडे रंगवलेली उभी पट्टी)

टेक्सासची केर काउंटी. चुनखडीचे डोंगर, वर मातीचा पातळ थर. पाऊस मुरत नाही, उतारावरून ओढ्यात आणि ओढ्यातून थेट ग्वाडालूप नदीत उतरतो. रस्ते अशा फरशी पुलांवरून जातात. पट्टीवर एक फूट वाहतं पाणी दिसलं की छोटी गाडी वाहून जाऊ शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या. अमेरिकेत पुरात दगावणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गाडीतच सापडतात.

4 जुलै 2025 च्या पहाटे ग्वाडालूप 45 मिनिटांत सुमारे 26 फूट चढली. सुट्टीचा दिवस. नदीकाठच्या शिबिरांत मुलं झोपलेली, गाडीघरांचे, म्हणजे चाकांवरच्या घरांचे, तळ भरलेले. काउंटीत शंभरावर माणसं गेली. त्यातले कितीतरी पाहुणे. निर्देशांक मोजतो जनगणनेतले रहिवासी. सुट्टीच्या रात्री नदीकाठी किती जण झोपलेत, हा रकानाच त्यात नाही.

नदीचा स्वभाव ठाऊक नव्हता असंही नाही. 1987 मध्ये याच नदीच्या पुरात, खालच्या अंगाला कम्फर्ट गावाजवळ, शिबिरातून मुलांना घेऊन निघालेली बस अडकली आणि 10 मुलं बुडाली. पुढे केर काउंटीने इशारा यंत्रणेसाठी सुमारे 10 लाख डॉलरचं अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. भोंगे लागले नाहीत.

(दृश्य : खांबावरचा भोंगा)

कम्फर्टमध्ये मात्र स्वयंसेवक अग्निशमन दलाने भोंग्यांची यंत्रणा अलीकडेच वाढवली होती. 2025 च्या त्या 4 जुलैला भोंगे वाजले, दलाची माणसं गाड्या घेऊन ‘निघा, निघा’ म्हणत फिरली. गाव खालच्या बाजूला, म्हणून वेळही जास्त मिळाला, हे धरायलाच हवं. कम्फर्टमध्ये कोणी दगावलं नाही.