वॉर्डात बोलायचं कुठल्या भाषेत?

(दृश्य : दिल्ली गेटजवळची रहदारी, रुग्णालयाचं फाटक.)

निवेदन : ५ जून २०२१. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरलेली. ऑक्सिजनसाठी वणवण केलेली दिल्ली जरा कुठे सावरत होती. त्या शनिवारी दिल्ली सरकारच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात नर्सेससाठी एक परिपत्रक निघालं. कामाच्या ठिकाणी मल्याळम बोललं जातं अशी तक्रार आहे, बहुतेक रुग्णांना आणि सहकाऱ्यांना ती भाषा येत नाही, त्यांची गैरसोय होते. तेव्हा फक्त हिंदी किंवा इंग्रजीतच बोला, नाहीतर कडक कारवाई होईल.

आता दिल्लीच्या वॉर्डांतून केरळच्या सिस्टर वजा केल्या तर मागे काय उरेल, हे तिथे चार दिवस अ‍ॅडमिट राहिलेला कुणीही सांगेल. गदारोळ झाला. राहुल गांधी, शशी थरूर यांनी जाहीर निषेध केला. रविवारी परिपत्रक मागे! आम्हाला न कळवताच ते निघालं होतं, असं रुग्णालय प्रशासनाचं म्हणणं पडलं.

बातमी संपली. पण तक्रार सरसकट झटकून टाकण्यासारखी नव्हती.

(दृश्य : खाट, सलाईनचा स्टँड.)

खाटेवरून बघा. दोन सिस्टर सलाईन बदलतायत. एक तुमच्याकडे बघते, दुसरीला काहीतरी सांगते, दोघी हसतात. विषय कदाचित मेसच्या सांबाराचा असेल. पण तुम्हाला वाटतं, माझाच रिपोर्ट वाईट आलाय आणि या लपवतायत. आजारी माणसाच्या डोक्यात शिरलेला हा संशय सहजी निघत नाही.

त्याहून नाजूक वेळ ड्युटी बदलण्याची. कुठल्या खाटेला कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, रात्री कुणाचं बीपी पडलं, ऑपरेशनसाठी कुणाला उपाशी ठेवायचंय, हे सगळं त्या पाच-दहा मिनिटांत पुढच्या पाळीकडे जातं. ऐकणाऱ्या तिघींपैकी एकीला जरी कळलं नाही, तरी भोगतो रुग्ण. इथे सगळ्यांना समजेल अशी एकच भाषा हवी, यात वाद नाही.

मग बिघडलं कुठे? त्या कागदानं काम सोडलं आणि भाषा धरली. ‘रुग्णापाशी त्याला कळेल असं बोला, चार्ज देताना सगळ्यांना कळेल असं बोला’ एवढं लिहिलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

(दृश्य : कॅलिफोर्नियाचा नकाशा, डेलानो.)

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला. डेलानोच्या एका रुग्णालयात फिलिपिनो कर्मचाऱ्यांनाच इंग्रजीसाठी वेठीला धरलं जातं, स्पॅनिश किंवा हिंदी बोलणाऱ्यांना कुणी हटकत नाही, असा आरोप होता. रुग्णालयानं तो नाकारला, पण २०१२ मध्ये ९ लाख ७५ हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. नोकरीतला भेदभाव रोखणाऱ्या तिथल्या समान रोजगार संधी आयोगाची भूमिका साधी आहे : सुरक्षिततेसाठी, कामाच्या गरजेपुरता भाषेचा नियम चालेल. चहाच्या सुट्टीतही तोच लादलात, तर तो भेदभावच धरला जाईल.

(दृश्य : मुंबई, वॉर्डातली सकाळ.)

मुंबईत केरळहून आलेली सिस्टर ‘कुठे दुखतंय?’, ‘लघवी झाली का?’ हे मराठी वॉर्डातल्या मावशींकडून शिकते. परिपत्रकाची वाट कोण बघतंय! खरं तर रुग्णालयानंच पगारी वेळेत तिचा वर्ग घ्यायला हवा, पण हा खर्च बहुतेक जण तिच्याच खात्यावर टाकतात.

आता मराठी मुलीही त्याच वाटेवर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात नर्सिंगही आहे. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारण बी-टू पातळीची, म्हणजे कामावर सहज बोलता येईल इतपत जर्मन लागते. वॉर्डात मराठी चालेल की नाही, हे विचारायची पाळी आता त्यांची.